कागद ओळखावा कामावरून



कोरेगाव तालुक्याचे नाव निघाले की वाघ्या घेवड्याची आठवण होतेच. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून तो वाघ्या. २०१६ साली या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या नावावर या मातीचा हक्क आहे, हे कायद्याने मान्य झाले. आता हा घेवडा पुण्या-मुंबईच्या घरांत जातो. तिथल्या गिऱ्हाइकाला तुमचे शेत दिसत नाही, तुमचे कष्टही दिसत नाहीत. त्याला दिसते ती पिशवी. ती फाटली, ओलावली, की नाव जाते ते मालाचे आणि गावाचे. म्हणून आज कागदाविषयी चार गोष्टी बोलू.

कागद घ्यायला गेलो की आपला पहिला प्रश्न असतो, ‘काय भाव?’ तो विचारायलाच हवा, पण दुसऱ्यांदा. पहिला प्रश्न असा हवा, की या कागदाला काम काय करायचे आहे? वजन पेलायचे आहे, तेल अडवायचे आहे, ओल अडवायची आहे, वाचायला द्यायचा आहे, की साठ-सत्तर वर्षे टिकायचा आहे? ही पाचही कामे करील असा एक कागद बाजारात नाही. बैल नांगराला आणि म्हैस दुधाला, हे आपण जाणतोच. कागदाचेही तसेच आहे.

प्रथम वजनाचे पाहू. छापखान्यात गेलात की ‘किती जीएसएम?’ असे विचारतात. त्यात अवघड काही नाही. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद एवढ्या कागदाचे वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा जीएसएम. शाळेत, कचेरीत आपण जो ए-फोर मापाचा कागद वापरतो, त्याचे सोळा कागद शेजारी शेजारी मांडले तर जवळजवळ एक चौरस मीटर भरतो. म्हणून सोळा कागद तराजूत घाला, जितके ग्रॅम भरतील तितका जीएसएम. ऐंशी जीएसएमचे पाचशे कागद अडीच किलोच्या आसपास भरले पाहिजेत. वेष्टनावर ऐंशी छापले आणि वजन सव्वादोन किलोच भरले, तर दुकानदाराला जाब विचारा. गुरुजी, हा प्रयोग वर्गात करून पाहा. क्षेत्रफळाचा धडा मुले विसरणार नाहीत.

पण नुसता जाड कागद म्हणजे मजबूत कागद नव्हे. बळ असते ते कागदातल्या धाग्यांत. खाकी रंगाचा जो क्राफ्ट कागद मिळतो, त्याच्या नावाचाच जर्मन भाषेतला अर्थ बळ असा आहे. नव्या लगद्याच्या क्राफ्टमध्ये धागे लांब असतात. रद्दीपासून पुन्हा केलेल्या कागदात ते दर खेपेस आखूड होत जातात. दोन्ही दिसायला सारखेच खाकी. म्हणून परीक्षा करावी. नमुन्याची पिशवी मागून घ्या. तीत ठरलेले वजन भरा, रात्रभर टांगून ठेवा आणि सकाळी कमरेएवढ्या उंचीवरून दोनदा खाली टाका. तळ उकलला नाही तर मागणी नोंदवा. हजार पिशव्या घरी आल्यावर परीक्षा करून काय उपयोग?

आता एकेक माल घेऊ. घेवडा चांगला वाळलेला असेल तर दुपदरी क्राफ्टची पिशवी त्याला पुरते. पिशवीला लहानशी पारदर्शक खिडकी ठेवली तरी चालेल, कारण पट्टे दिसले तरच वाघ्या ओळखू येतो. हळदीला मात्र खिडकी ठेवू नका. उजेडाने हळदीचा रंग उतरतो. तिला उजेड अडवणारी, आतून अस्तर असलेली पिशवी हवी. आले ओले असते, त्याला श्वास घ्यावा लागतो. म्हणून त्याच्या खोक्याला भोके हवीत.

गुळाचे सर्वांत अवघड. गूळ हवेतली ओल ओढून घेतो आणि पाझरतो. अशा वेळी पुष्कळ जण बटर पेपर वापरतात. पण बटर पेपर तेल-तूप अडवतो, हवेतली ओल अडवत नाही. नुसत्या कागदाच्या भरवशावर पावसाळ्यात गूळ पाठवू नये. आत ओल अडवणारे अस्तर आणि बाहेर कागद, अशी जोडी लागते. कागदाला जे जमत नाही ते त्याच्यावर लादू नये.

पुठ्ठ्याच्या खोक्याविषयी. तीन प्लाय, पाच प्लाय, सात प्लाय अशी मापे असतात. प्लाय म्हणजे थर. मधल्या थराच्या ज्या नागमोडी नळ्या दिसतात त्या खोक्यात उभ्या असाव्या लागतात. घराचे खांब उभे असतात तशाच. त्या आडव्या आल्या तर खोका वरच्या भाराने दबतो. खोक्याचा बराचसा भार त्याचे चार कोपरे पेलतात. म्हणून थप्पी लावताना कोपऱ्यावर कोपरा ठेवावा, विटांच्या भिंतीसारखी सांधेमोड करू नये. आणि एक ध्यानात ठेवा. कोरेगावच्या कोरड्या हवेत खणखणीत वाजणारा खोका मुंबईच्या दमट गोदामात मऊ पडतो. माल कुठे निघाला ते पाहून खोका निवडा. घरातही खोके फरशीवर नकोत, खाली फळ्या घाला.

आता जिवाची गोष्ट. वर्तमानपत्राच्या कागदात भजी, वडे, भेळ बांधायची सवय आपल्याला फार जुनी. पण छपाईची शाई पोटात जाण्यासाठी केलेली नसते. गरम आणि तेलकट पदार्थ ती चटकन ओढून घेतात. २०१८ सालच्या अन्न सुरक्षेच्या वेष्टन-नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि बचत गटांच्या भगिनींना कागदी पिशव्यांचे काम मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. रद्दीच्या पिशव्या जरूर करा. त्यांत वह्या द्या, बांगड्या द्या, कापड द्या. खाण्याची वस्तू मात्र त्यांत थेट घालू नका. तिच्यासाठी कोरा, खाद्यपदार्थांसाठी म्हणून केलेला कागद घ्यावा आणि छापलेली बाजू नेहमी बाहेर ठेवावी.

छपाईत हौसेला आवर घालावा. गुळगुळीत आर्ट पेपरवर चित्रे उठून दिसतात, म्हणून पुष्कळ जण गावच्या अंकाचा सगळा मजकूरही त्यावरच छापून घेतात. दिव्याखाली तो चमकतो आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणतात. पैसे जातात ते निराळेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! बालभारतीचे पुस्तक उघडा. आतल्या पानावर कागदाचा प्रकार छापलेला असतो. पुष्कळ पुस्तकांवर ‘७० जीएसएम क्रीमवोव्ह’ असे आढळेल. किंचित पिवळसर, न चमकणारा, मागची अक्षरे फारशी पुढे न दिसू देणारा. लाखो मुलांच्या हाती जाणाऱ्या पुस्तकाला तो चालतो, तर आपल्या अंकाला का चालू नये?

वह्या-पुस्तके बांधून घेताना आणखी एक पाहावे. कागदात धागे एका दिशेने पडलेले असतात. कागदाचा लहान चौकोन एका बाजूने ओला केला की तो सुरळीसारखा वळतो. सुरळी ज्या दिशेने लांब, ती धाग्यांची दिशा. ही दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर हवी. तशी असली की पाने सरळ उघडतात, आडवी असली की पुस्तक फुगते आणि पाने उभी राहतात.

शेवटी गुरुजनांकडे एक मागणे आहे. शाळेचे जनरल रजिस्टर हा साधा कागद नव्हे. मुलाची जन्मतारीख, जात, वडिलांचे नाव यांची नोंद त्यात असते आणि तोच माणूस, किंवा त्याचा नातू, पन्नास-साठ वर्षांनी ती मागायला येतो. २०२३ साली राज्यभर जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरेही कपाटांतून बाहेर आली. ज्या पानाचा चुरा झाला असेल, त्यावरचा पुरावा कोण भरून देणार?

वर्तमानपत्राचा कागद काही महिन्यांतच पिवळा पडतो, कारण त्यात लाकडाचा राळसदृश भाग तसाच राहिलेला असतो. उलट चिंध्यांपासून केलेला जुना हातकागद शेकडो वर्षे टिकला. वेरुळजवळच्या कागजीपुऱ्यात आणि आपल्या जुन्नरात असा कागद होत असे. आज रजिस्टर घेताना जाड लेजर पेपरचे, शक्य तर आम्लरहित कागदाचे घ्या. पाण्याने न पुसली जाणारी शाई वापरा. जुने पान फाटले तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही करू नका. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांनी कागदच खातो, आणि लॅमिनेशनमधून पान पुन्हा सुटत नाही. असे पान वेगळ्या स्वच्छ कागदात ठेवा आणि त्याचे छायाचित्र काढून जपा.

बंधूभगिनींनो, हे सारे ध्यानात राहिले नाही तरी एवढे राहू द्या. दुकानाच्या पायरीवर भाव विचारण्याआधी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, या कागदाला काम काय आहे? उत्तर मनाशी पक्के असले, की दुकानदार तुम्हाला नको तो कागद गळ्यात घालू शकणार नाही. तुमचा घेवडा नीट पोहोचेल, मुलाच्या डोळ्यांना त्रास होणार नाही आणि गावाची नोंद नातवंडांच्या हाती सुखरूप जाईल.