मालमोटार कोठे थांबली?

(नवागाम, सुरत येथे मराठी रहिवाशांपुढे केलेले भाषण)



आपल्या या नवागामात खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे राहतात. सुरतचे कापड घेऊन नवापूर व कोंडाईबारी घाटमार्गे धुळ्याकडे जाणाऱ्या मालमोटारी आपल्या परिचयाच्या आहेत. त्यांचा ठावठिकाणा सांगणाऱ्या यंत्राविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

हे यंत्र किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून आपले स्थान ठरविते आणि वेळेसह कार्यालयास कळविते. परंतु नुसते ठिकाण कळणे म्हणजे कामाचे मोजमाप नव्हे. गोदाम, नाका, घाट यांच्याभोवती नकाशावर सीमा आखली, म्हणजे गाडी तेथे केव्हा शिरली आणि केव्हा निघाली, हे स्पष्ट होते.

समजा, सुरत ते धुळे हे सुमारे २२० किलोमीटरचे अंतर, माल भरण्या-उतरविण्यासह, १२ तासांत पार पडले. सरासरी वेग ताशी अवघा १८ किलोमीटर! चालक रेंगाळला, असे मालक सहज म्हणेल. पण नोंदी पाहिल्या, तर गाडी ६ तास धावली, ४ तास गोदामांच्या दारांत उभी राहिली आणि २ तास विश्रांती व घाटातील खोळंब्यात गेले, असे आढळेल. धावत्या गाडीचा वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटर होता. येथे गाडी अधिक पळवून काय साधणार? माल भरण्याची व उतरविण्याची वेळ नेमून देणे, हाच खरा उपाय होय.

हीच दृष्टी आता देशभर रुजत आहे. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात २०१६ पासून कंटेनरांवर रेडिओ-पट्ट्या लावून त्यांच्या प्रवासाची नोंद घेतली जाऊ लागली. २०२१ पासून पथकर नाक्यांवर फास्टॅग अनिवार्य झाला.

मात्र एक सावधगिरी हवी. यंत्र 'कोठे' आणि 'किती वेळ' हे सांगते; 'का' हे सांगत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. ही विश्रांती नोंदीत 'विलंब' म्हणून मांडली गेली, तर थकलेला चालक घाटात डोळे मिटेल आणि त्याची किंमत घरच्यांना मोजावी लागेल.

म्हणून मालकांनी नोंद पाहावी, पण निष्कर्ष काढण्यापूर्वी चालकाला विचारावे. चालकांनीही आपली नोंद मागून घ्यावी. तीच त्यांच्या श्रमाची साक्ष आहे.