गुडघ्यासाठी पोट गहाण नको



गिरगावच्या चाळींचे जिने चढताना आपले गुडघे कुरकुरतातच. मी डॉक्टरांची डायक्लोफेनॅक घेत असे, वर शेजारणीने दिलेली आयब्युप्रोफेनही. नावे निराळी, जात एकच! पोट मुळीच दुखले नाही. पण एके दिवशी शौचास डांबरासारखे काळे झाले. आत जखम होऊन रक्त जात होते.

म्हणून सांगते, अशा दोन गोळ्या एकत्र घेऊ नका. जेवणानंतर घेतली म्हणजे धोका टळला, असेही नाही. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारे औषध असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. मलमाने भागत असेल तर गोळी कशाला? लागलीच, तर कमीत कमी दिवस. काळे दिसताच गोळी थांबवा व तत्काळ इस्पितळ गाठा.