बुद्धिबळातील एक बचाव



गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या बुद्धिबळ स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत हरले, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. एकही मोहरा गमवायचा नाही म्हणून मी सारे मोहरे आपल्याच बाजूला दाटीवाटीने बसवले, आणि तिथेच माझ्या राजाचा कोंडमारा झाला. घरी पुतणी म्हणाली, "काकू, हा बचाव कसला? तू तर नुसती लपून बसलीस." मग तिने मला एक जुना डाव मांडून दाखवला.

१९५६ सालच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या एका स्पर्धेत तेरा वर्षांचा बॉबी फिशर डोनाल्ड बर्न या नाणावलेल्या खेळाडूसमोर बसला होता. मोहरे काळे. त्याने धरला तो ग्रुनफेल्ड बचाव. यात पटाचा मध्य आपण होऊन प्रतिपक्षाला द्यायचा, त्याची प्यादी पुढे येऊ द्यायची आणि मग त्यांच्यावरच घोड्या-उंटांचा मारा करायचा. मारा कमी पडला तर मध्य गेला तो गेलाच! ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्ड यांचे नाव त्याला १९२२ नंतर मिळाले. पण १८५५ मध्येच कलकत्त्याला महेशचंद्र बॅनर्जी तो जॉन कॉक्रेन या साहेबाविरुद्ध खेळले होते.

बर्न यांनी किल्लेकोट केला नव्हता. राजा मध्येच उघडा राहिला, आणि ती फट फिशरने हेरली. सतराव्या खेळीस त्याच्या वजिरावर हल्ला होता. त्याने वजीर हलवलाच नाही. उंट चालवला आणि वजीर मारू दिला. बदल्यात एक हत्ती, दोन उंट व एक प्यादे मिळवले. एकेचाळिसाव्या खेळीस हत्ती, दोन उंट आणि घोडा यांनी मिळून मात केली. बर्न यांचा वजीर पटाच्या दूरच्या कडेला जिवंत होता, पण राजाच्या उपयोगी पडला नाही.

भगिनींनो, घरात काय किंवा चार माणसांत काय, 'जाऊ दे' म्हणून गप्प बसणे यालाच मी आजवर बचाव समजत आले. काय सोडायचे आणि उलट वार कुठे करायचा, हे आधी ठरवावे लागते, एवढे मला त्या डावाने शिकवले.

यंदा मी तोच बचाव खेळले. पहिली फेरी जिंकले, दुसरीत हरले. पण या वेळी लपून हरले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे. समोर कोण बसते ते आताच सांगा!