संध्याकाळचे दोन तास कोणाच्या हिशेबात?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर सकाळपासून पुष्कळ बोलणं झालं आहे. मी त्यात भर घालत नाही. मला बोलायचं आहे ते पोरांच्या संध्याकाळबद्दल. त्यासाठी तुम्हाला काळ्या रानातून उचलून सह्याद्रीच्या पायथ्याशी, भात-नाचणीच्या मुलखात न्यावं लागेल. गावाचं नाव तळीये, तालुका महाड, जिल्हा रायगड.

२२ जुलै २०२१ च्या दुपारी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर खाली आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं दगावली. त्या भागाला हे नवं नव्हतं. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांनी हेच भोगलं होतं.

मंत्री आले, मदत जाहीर झाली. मृताच्या वारसाला राज्याचे ५ लाख, पंतप्रधान निधीतून २ लाख. वाचलेल्यांना राहायला कंटेनर दिले. म्हाडाची पक्की घरं बांधायचं ठरलं, पण दोन वर्षं उलटली तरी ती लोकांच्या ताब्यात आलेली नव्हती. आता विचार करा. आई गेलेलं, बाप गेलेला, असं सातवी-आठवीतलं पोर त्या पत्र्याच्या खोलीत संध्याकाळी पुस्तक घेऊन बसणार कुठं? बसलं तरी अडलं तर विचारणार कोणाला? पंचनाम्यात घराचा रकाना असतो, गुरांचा असतो, भांड्याकुंड्यांचाही असतो. पोराच्या अभ्यासाचा रकाना मी तरी कधी पाहिलेला नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे डोंगर नाहीत. खरं आहे. पण कर्जापायी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला सरकार काय देत आलं? १ लाख रुपये. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. आणि त्या घरातला चौदा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवसापासून औताच्या मागं जातो. शाळेच्या पटावर नाव राहतं, म्हणून कागदावर तो शिकत असतो. मग नववीत मागं पडतो, दहावीत गणितात जातो, आणि गाव म्हणतं, पोराचं डोकंच नव्हतं.

डोकं असतं हो. शाळेतले पाच-सहा तास सगळ्यांना सारखेच मिळतात. फरक पडतो तो शाळा सुटल्यावर. तालुक्यातल्या नोकरदाराचं पोर शिकवणीला जातं. आपलं पोर शेळ्या बांधतं, पाणी भरतं, धाकट्याला सांभाळतं. घरात आधी कोणी शिकलेलं नाही, त्यामुळं वही उघडून बघणारं कोणी नाही. २०२२ च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली पहिली ते आठवीची ३० टक्क्यांहून जास्त मुलं पैसे देऊन शिकवणी लावत होती. बिहार-बंगालात हा आकडा सत्तरच्या पुढं होता. म्हणजे गरीब बापसुद्धा पोटाला चिमटा घेऊन हे पैसे मोजतो. ज्याच्याकडं मोजायला नाहीत, त्याचं पोर शर्यतीतून बाहेर. शाळा फुकट झाली, तरी संध्याकाळ विकतच राहिली.

हे आज सुचलेलं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली कष्टकरी आणि शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवस कामाचा असतो हे त्यांना ठाऊक होतं. मुंबईच्या रात्रशाळांत कोकणातून पोटासाठी गेलेली पोरं दिवसभर राबून रात्री शिकली. त्या शाळांना सरकारी अनुदान होतं. त्या रात्रशाळांतूनही मे २०१७ च्या एका शासन निर्णयानं दिवसा दुसरीकडं शिकवणारे शिक्षक काढले गेले.

मग करायचं काय? त्याच मुंबईत आणि बडोद्यात २००१ ते २००३ च्या सुमारास ‘प्रथम’ संस्थेनं बालसखी नेमल्या. वस्तीतलीच, शाळा पूर्ण केलेली मुलगी. मागं पडलेली वीसेक पोरं घेऊन रोज दोन तास बसायची. मानधन महिन्याला पाचसातशे रुपये. अभ्यासकांनी मोजमाप केलं, तर सगळ्यात कच्च्या पोरांनाच सगळ्यात जास्त फायदा झालेला दिसला. मात्र बालसखी थांबली की वर्षभरात तो फायदा बराचसा ओसरला, हेही त्यांनीच नोंदवलं. विलायतेत कोरोनानंतर सरकारी खर्चानं शिकवणीची मोठी योजना काढली, २०२४ मध्ये तिचा खास निधी बंद झाला. आपल्याकडं तर योजनेचं आयुष्य मंत्र्याच्या खुर्चीएवढंच. म्हणून एका हंगामाची योजना मागूच नका.

आता हिशेब. गावातल्या बारावी झालेल्या मुलीला महिन्याला ५ हजार दिले, वर्षात दहा महिने, तर ५० हजार होतात. वीस पोरं धरली तर पोरामागं वर्षाला अडीच हजार. हा माझा ढोबळ अंदाज आहे, वाटल्यास वाढवून धरा. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे सव्वासहा क्विंटल कापूस. गावानं सरकारच्या तिजोरीत किती घातलं आणि त्यातलं परत किती आलं, याच्यापुढं ही रक्कम काहीच नाही.

अडचण पैशाच्या आकड्यात नाही, नियमात आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा अबंधित निधी ग्रामपंचायतीला गावाच्या गरजेप्रमाणं वापरता येई, पण त्यातून पगार देता येत नसे. म्हणजे अभ्यासिकेला बाकं घ्या, दिवे लावा, रंग द्या. शिकवणाऱ्या मुलीला मात्र रुपया नाही! ठेकेदाराला बिल निघतं, माणसाला मानधन निघत नाही. गावोगावच्या रिकाम्या अभ्यासिकांचं रहस्य दुसरं काय असणार?

आणि नुसतं गणित-इंग्रजी शिकवून भागत नाही. दरडीत किंवा कर्जात घर गेलेल्या पोराला ‘काल का आला नाहीस?’ असं विचारणारं एक माणूस लागतं. सरकारी दाखला कुठं मिळतो, बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये पोराच्या नावावर सुरू आहेत की नाहीत, शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा अर्ज भरला का, हे बघणारं. विधवा आईला तालुक्याला दहा खेपा घालायला लावण्यापेक्षा हे माणूस स्वस्त पडतं.

बिनपैशाचं जे होतं ते तरी लगेच करू. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव इथं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवू लागले. टीव्ही, मोबाइल दीड तास बंद, पोरं अभ्यासाला. गावानं ठरवलं आणि केलं. पण भोंग्यानं गणित सुटत नाही, त्याला शेजारी बसणारं कोणीतरी लागतं, आणि त्याचं मानधन सार्वजनिक पैशातूनच यायला हवं. पुढच्या ग्रामसभेत तसा ठराव लिहून घ्या, ठरावाची नक्कल मागून घ्या. शाळेची इमारत संध्याकाळी कुलूपबंद असते, ती किल्ली कोणाकडं राहते तेही विचारून या. पुढच्या बैठकीत मी प्रत्येक गावाला हे दोनच प्रश्न विचारणार आहे.