घरचे उपचार आणि दारचे डॉक्टर



आपल्यापैकीं कोणाच्याहि घरांतील औषधांची फळी पाहिली, तर तीवर तीन-चार वैद्यकें शेजारीं शेजारीं नांदत असलेलीं दिसतील. सुंठ-पिंपळीच्या काढ्याची पुडी, होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्यांची कुपी, रक्तदाबाच्या गोळ्यांचें पाकीट, आणि खालीं कोपऱ्यांत घडी घालून ठेवलेली आसनांची सतरंजी. ह्यांचें आपसांत भांडण होत नाहीं, कारण त्यांची गांठच पडूं दिली जात नाहीं. काढ्याविषयीं डॉक्टरांजवळ बोलावयाचें नाहीं आणि गोळ्यांविषयीं वैद्यांजवळ बोलावयाचें नाहीं, असा पुष्कळ घरांचा रिवाज आहे.

पर्यायी आणि पूरक उपचारपद्धतींचा परिचय करून द्यावा, असें मला सांगण्यांत आलें आहे. मी वैद्य नाहीं कीं डॉक्टर नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि सारें आयुष्य शाळेंत गेलें. नाडी पाहण्याचा अधिकार मला नाहीं, परंतु शब्दांचे अर्थ पाहण्याची संवय मात्र हाडांत मुरली आहे. म्हणून प्रथम हे दोन शब्दच घेऊं. मधुमेहाचा रोगी इन्शुलिन चालू ठेवून सकाळीं आसनें करूं लागला, तर आसनें हा पूरक उपचार झाला. तोच रोगी कारल्याच्या रसावर भरंवसा ठेवून इन्शुलिन सोडून देईल, तर तो पर्यायी उपचार झाला. नांव वस्तूवरून पडत नाहीं. चालू असलेलें औषध राखलें कीं टाकलें, ह्यावरून पडतें. पुढें जें मी सांगणार आहें त्यांतील बहुतेक भाग ह्या एका भेदावर उभा आहे.

निसर्गोपचाराचेंच उदाहरण घ्या. त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. सायलेशियांतील ग्राफेनबर्ग ह्या खेड्यांत व्हिन्सेंट प्रीसनिट्झ नांवाचा एक शेतकरी होता. गाडीखालीं सांपडून त्याच्या बरगड्या मोडल्या, तेव्हां त्यानें थंड पाण्याच्या पट्ट्या बांधून स्वतःवर उपचार केला, आणि पुढें त्याच्या गांवीं दुरून दुरून रोगी येऊं लागले. त्याच्यामागून बव्हेरियांतील सेबॅस्टियन क्नाइप ह्या धर्मोपदेशकानें जलचिकित्सेवर पुस्तक लिहिलें, आणि लाइपझिगच्या लुई कूने ह्यानें कटिस्नानाची पद्धत रूढ केली. ह्यांपैकीं एकहि वैद्यकाचा पदवीधर नव्हता. कूने व अडोल्फ जुस्ट ह्यांचीं पुस्तकें गांधीजींच्या हातीं पडलीं, आणि त्यांतून ही विद्या आपल्या दारीं आली.

गांधीजींनीं आत्मकथेंत १९०२ सालची एक हकीगत दिली आहे. ते मुंबईंत गिरगांवांत राहत होते. त्यांचा मुलगा मणिलाल विषमज्वरानें आजारी पडला; जोडीला न्यूमोनिया आणि रात्रीं वात. पारशी डॉक्टरांनीं अंडीं व कोंबडीचा रस्सा देण्यास सांगितलें. गांधीजींनीं तें नाकारून कूनेचें कटिस्नान, पाणी घातलेला संत्र्याचा रस आणि ओल्या चादरीचें वेष्टन असा उपचार केला. ताप १०४ अंशांपर्यंत चढला होता. मुलगा वांचला, आणि पुढें चाळीस दिवस त्याला पाणी घातलेल्या दुधावर ठेवण्यांत आलें.

ही गोष्ट निसर्गोपचाराचे अभिमानी फार आवडीनें सांगतात. पण सांगतांना ते दोन गोष्टी गाळतात. पहिली ही कीं, गांधीजींनीं डॉक्टरांना दाराबाहेर काढलें नव्हतें. अधूनमधून येऊन नाडी आणि छाती पाहून जावी, अशी त्यांनीं विनंती केली होती. आणि मुलगा नेमका कशानें बरा झाला, ईश्वराच्या कृपेनें, पाण्यानें, पथ्यानें कीं शुश्रूषेनें, हें निश्चित कोण सांगणार, अशी कबुलीहि त्यांनींच दिली आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १९०२ सालीं विषमज्वरावर हुकमी औषध कोणाहिजवळ नव्हतें. पाणी, पथ्य आणि रात्रंदिवस उशाशीं बसणें हाच त्या काळचा उत्तम इलाज होता. १९४८ च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल आलें आणि ही स्थिति पालटली. त्या वेळीं पाण्याच्या पट्टीनें कोणत्याहि चांगल्या औषधाची जागा अडविली नव्हती. आज कोणी विषमज्वराच्या रोग्याला केवळ पट्ट्यांवर ठेवील, तर ती जागा अडविल्यासारखेंच होईल. कृत्य तेंच, पण सेहेचाळीस वर्षांनीं त्याचा अर्थ बदलला.

ह्याच गांधीजींना येरवड्याच्या तुरुंगांत असतांना आंत्रपुच्छाचा विकार झाला, तेव्हां १२ जानेवारी १९२४ रोजीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक ह्यांनीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येंच विजेचा दिवा गेला आणि काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. गांधीजींनीं त्या वेळीं मातीची पट्टी मागितली नाहीं. पण निसर्गोपचारावरील त्यांची श्रद्धाहि संपली नाहीं: १९४६ सालीं त्यांनीं पुण्याजवळ उरुळीकांचन येथें निसर्गोपचार आश्रम स्थापन केला. मणिभाई देसाई ह्यांनीं तो वाढविला, आणि तो आजहि चालू आहे. आहार, विश्रांति, चालणें, स्नान ह्यांनीं स्थूलतेच्या किंवा जडावलेल्या पचनाच्या माणसाला तेथें बरें वाटलें, तर त्यांत नवल नाहीं.

योगासनांविषयीं थोडक्यांत सांगतों. लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद ह्यांचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. त्यांनीं नौलि आणि उड्डियान करणाऱ्यांवर क्ष-किरण व दाबमापक यंत्रें लावून, आंत काय घडतें तें मोजण्याचा प्रयत्न केला. आपली परंपरा मोजून पाहिल्यानें लहान होते, असें त्यांना वाटलें नाहीं. जुनाट कंबरदुखीसाठीं अमेरिकेंतील वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेनें २०१७ सालीं गोळ्यांपूर्वीं जे उपाय सुचविले, त्यांत व्यायाम, ॲक्युपंक्चर आणि योग ह्यांचा समावेश आहे.

आयुर्वेदांतील वनस्पतींचेंहि तसेंच. सर्पगंधेचा उपयोग आपल्याकडे उन्मादावर पूर्वींपासून होत असे. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं ती रक्तदाबहि उतरविते असें लिहिलें. पुढें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनीं आपल्या रोग्यांवरील अनुभव १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें प्रसिद्ध केला, आणि साऱ्या जगाचें लक्ष ह्या मुळीकडे वेधलें. १९५२ सालीं तींतून रेसर्पीन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. मात्र त्याच तपासणींतून हेंहि कळलें कीं, मात्रा वाढली तर मन खिन्न होतें. जें औषध गुण करण्याइतकें समर्थ आहे, तें अपाय करण्यासहि समर्थ असतें. "आयुर्वेदिक आहे, अपाय कांहींच नाहीं" हें वाक्य दुकानदाराच्या तोंडून ऐकलें कीं मी अधिक सावध होतों. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीसाठीं अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या परिसरांत दक्षिण आशियांतून आलेलीं सत्तर आयुर्वेदिक औषधें विकत घेऊन तपासलीं, तेव्हां चौदांत शिसें, पारा किंवा आर्सेनिक आढळलें.

होमिओपॅथीचें गणित मात्र मला मास्तर ह्या नात्यानें मांडलेंच पाहिजे. मूळ अर्काचा एक थेंब नव्याण्णव थेंब मद्यार्कांत मिसळावयाचा. ही पहिली पायरी. त्यांतील एक थेंब पुन्हां नव्याण्णवांत, ही दुसरी. तिसाव्या पायरीवर मूळ द्रव्याचें प्रमाण एकावर साठ शून्यें एवढ्या भागांत एक भाग इतकें उरतें. बाराव्या पायरीच्या पुढेंच मूळ द्रव्याचा एकहि रेणु कुपींत असण्याचा संभव जवळजवळ संपतो. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें २०१५ सालीं उपलब्ध प्रयोग तपासून, कोणत्याहि विकारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरंवशाचा पुरावा नाहीं, असा निर्णय दिला. हानेमानच्या काळीं इतर डॉक्टर रक्त काढीत, जालीम रेच देत. त्यांच्याहून ह्याच्या गोळ्या खात्रीनें सौम्य होत्या. ज्यांचा ह्या गोळ्यांवर विश्वास आहे अशा श्रोत्यांना माझें म्हणणें कडू लागेल, ह्याची मला कल्पना आहे. सर्दीपडशासाठीं त्या घेतल्या तर माझी तक्रार नाहीं.

माझी तक्रार उशीराविषयीं आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईला स्तनांत गांठ लागली. दुखत नव्हती म्हणून आठ महिने लेप चालला. लेप देणारा मनुष्य लबाड नव्हता. त्यानें पैसेहि फारसे घेतले नाहींत. रुग्णालयांत नेलें तेव्हां रोग हाडांत उतरला होता. तो मुलगा त्या वर्षीं परीक्षेस बसला नाहीं. येल विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेली पाहणी मी वाचली, तेव्हां मला त्या बाईंची आठवण झाली. बरा होण्याजोगा कर्करोग असूनहि केवळ पर्यायी उपचार पत्करणाऱ्या २८१ रोग्यांची तींत नोंद आहे. नेहमींचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेनें त्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट होता. स्तनाच्या कर्करोगांत तो पांचपटीहून अधिक.

म्हणून न दुखणारी गांठ, खोकल्यांतून पडणारें रक्त, छातींत येणारी कळ, अकस्मात् लुळा पडलेला हात, सर्पदंश आणि तान्ह्या मुलाचा ताप, एवढ्या ठिकाणीं आधीं डॉक्टर. काढा, लेप, आसन ह्यांचा विचार त्यांच्या सल्ल्यानें मागाहून.

आणि एक लहानसें काम आज रात्रींच करावें. घरांतील प्रत्येक वडील माणूस जें जें घेतो तें सर्व एका कागदावर लिहावें. गोळ्या, चूर्णें, काढे, चघळावयाच्या काड्यासुद्धां. घशासाठीं रोज चघळलेला ज्येष्ठमध हें वरकरणीं औषधहि वाटत नाहीं, पण तो फार दिवस व पुष्कळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरांतील पोटॅशियम घटतें. डॉक्टर मग गोळीची मात्रा वाढवीत जातात, आणि काडीची वार्ता त्यांना कोणी देत नाहीं. तो कागद पुढच्या खेपेस त्यांच्या मेजावर ठेवावा, आणि वैद्यांकडे जातांनाहि तोच बरोबर न्यावा.