टाळाचा ठेका आणि माणसाचे मन
(श्रीविठ्ठल मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



शिखराला किती खर्च आला आणि कोणी किती दिले, याचा हिशेब या प्रसंगी योग्य माणसे सांगतीलच. समितीने मला ‘संगीत आणि मनःशांती’ हा विषय दिला. विषय मोठा, माझा अधिकार लहान. म्हणून पुस्तकातले नंतर. घरात पाहिले ते आधी सांगतो.

माझ्या वडिलांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समोरचे सारे समजत होते, पण तोंडातून एकच हुंकार निघे. ज्या माणसाने चाळीस वर्षे याच देवळात टाळ धरला, त्याला ‘पाणी’ म्हणता येईना. रागाने ते तांब्या फेकून देत. कार्तिक आला, काकड्याला त्यांना खाटेसकट आणून खांबाशी ठेवले. टाळ सुरू झाले, हरिपाठ सुरू झाला, आणि आमच्या मागून एक आवाज आला. वडील गात होते! शब्द न् शब्द स्पष्ट. माझी म्हातारी आत्या ओरडली, “बोलता येत नही, पन गाता येस!” अभंग संपला आणि ते पुन्हा मुके झाले.

त्या दिवशी आम्ही याला चमत्कार म्हटले. पुढे कळले की बहुतेक माणसांच्या बोलण्याचे मुख्य केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूस असते; गाताना उजवी बाजूही कामाला लागते. डावीला इजा झाली तरी पाठ असलेले गाणे पुष्कळदा शिल्लक राहते. बोस्टनच्या वैद्यकीय मंडळींनी १९७३ साली यावरच एक उपचारपद्धती मांडली. नेहमीची छोटी वाक्ये सुरावर म्हणायची, डाव्या हाताने ठेका धरायचा, मग सूर हळूहळू कमी करत साध्या बोलण्यावर यायचे. आम्ही घरी तसेच केले. ‘पाणी दे’ हे अभंगाच्या चालीवर, गुडघ्यावर ठेका देत. चार-पाच महिन्यांत वडिलांना सात-आठ गोष्टी मागता येऊ लागल्या. त्याहून जास्त कधी आले नाही. पण तांब्या फेकणे थांबले.

आता कडू बोलतो. लकवा झाला तेव्हा आम्ही पहिले तीन दिवस तेल चोळण्यात आणि अंगारे-धुपाऱ्यात घालवले. ती चूक आमची, घरच्यांची. मेंदूतल्या रक्ताची गाठ विरघळवण्याचे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर आधी गाडी काढा, भजन मागाहून. विठोबा रागावणार नाही.

पण औषधाने न भरणारी दुखणीही असतात, आणि त्यांचे औषध आपल्या खानदेशातल्या बायांना केव्हाच ठाऊक होते. आसोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. ऐन उमेदीत वैधव्य आले, पदरी मुले, वर शेतीची कामे. त्यांनी ते दुःख जात्यावर आणि वावरात गाण्यात घातले. मुलगा सोपानदेव यांनी जपलेली ती गाणी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली छापली गेली. पण घरोघरच्या, कुणी न लिहून घेतलेल्या ओव्यांचे काय? खुंट्याला हात, पाठ पुढे-मागे, त्या हेलकाव्यावर श्वास, श्वासावर ओवी. सासूला जे सांगता येत नव्हते ते बाई जात्याला सांगत असे. समोर दुसरी बाई बसलेली असली तर ती पुढची ओवी धरी, म्हणजे ऐकणारेही मिळे. पिठाची गिरणी आली, बायांचे खांदे सुटले, हे चांगलेच झाले. फक्त ती पहाटेची सांगण्याची जागा गेली.

मुक्ताईनगरची आपली मुक्ताई आठवा. परंपरा सांगते की लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वरांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या बहिणीने दाराबाहेर उभे राहून अभंग म्हटले. दार ढकलले नाही.

तिकडे साक्रीच्या डोंगरपट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. पावरीच्या सुरावर रात्र चढत जाते आणि काहींच्या अंगात वारा येतो. शिकलेली माणसे हसतात. मी हसत नाही. एकच ठेका, एकच सूर, शेजारी नाचणारा माणूस, यांनी चित्ताची अवस्था बदलते, हे खरे आहे. आपल्या दिंडीतही पाऊल स्वतःहून पडू लागते ते यामुळेच. इटलीतील पाविया येथील डॉ. लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली तेवीस माणसांकडून ख्रिस्ती जपमाळ आणि योगमंत्र म्हणवून घेतले. दोन्हींमध्ये श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. संथ भजनातही श्वास असाच लांबतो, हे गाणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आता देणगीदारांची क्षमा मागून एक विनंती करतो. शिखरावर चार कर्णे बसवायचे आणि पहाटे यंत्रावर भजन लावायचे, असे ठरत असल्याचे ऐकतो. भाव चांगला आहे. पण २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, ही एक गोष्ट. दुसरी, माझे वडील कर्ण्याचे भजन ऐकून गायले नसते. शेजाऱ्याचा टाळ ऐकून गायले. कर्णा लागला की भजनी मंडळ घरी झोपते. शेजारच्या दोन गावांत मी हे पाहिले आहे. शिवाय नव्या सभामंडपात खाली-वर सगळी गुळगुळीत फरशी आहे, आवाज घुमून शब्दच कळत नाहीत. कर्ण्यांच्या पैशांत जाड सतरंज्या घ्या, मागच्या भिंतीला पडदे लावा आणि मृदंगाला नवी शाई भरून आणा.

टाळांच्या बारा जोड्या मी स्वतः पुसून डावीकडच्या कपाटात ठेवल्या आहेत. त्यांत तीन लहान आहेत, पोरांसाठी. वीणेच्या खांबाशी एक खाट मावेल एवढी जागा मोकळी सोडायला गवंड्याला सांगितले आहे. ज्यांच्या घरी आजारी माणूस असेल त्यांनी येत्या एकादशीला त्याला घेऊन यावे. उचलायला चार पोरे मी देतो.