बाटलीवरचं ‘व्हिटॅमिन सी’ : पाण्यातलं आणि तेलातलं
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात केलेलं भाषण)



मी सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता आहे, म्हणून घरातल्या बाटल्या माझ्याकडेच तपासायला येतात. मे महिन्यात भाची व्हिटॅमिन सीचं सीरम घेऊन आली. दीड हजाराची बाटली, लग्न तोंडावर, आणि खिडकीत ठेवून ठेवून आतला रंग कोऱ्या चहासारखा झालेला. “मामा, लावू का?” मी म्हटलं, नको. तिची आई म्हणाली, “त्यापेक्षा लिंबू चोळ.” मी हात जोडले.

लिंबाचं आधी सांगतो. रस आंबट, तो झोंबतो हे एक. पण त्यातली काही द्रव्यं ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी करतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. उज्जैनच्या उन्हात गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्यांनी तर हा प्रयोग करूच नये.

आता बाटली. व्हिटॅमिन सी म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. ते शोधणाऱ्या सेंट-ज्यॉर्जी यांना 1937 साली नोबेल मिळालं. हे आम्ल पाण्यात विरघळतं, पण हवा-उजेड लागला की बिघडतं. आधी पिवळं, मग तपकिरी. दुसरी अडचण त्वचेची. वरच्या थरातल्या पेशींमध्ये, विटांमधल्या चुन्यासारखी, चरबी भरलेली असते. पाण्यातली वस्तू त्यातून सहज जात नाही. म्हणून सीरम पीएच 3.5च्या खाली, म्हणजे चांगलंच आंबट ठेवावं लागतं. नाजूक चेहऱ्याला ते चुरचुरतं.

यावर उपाय म्हणून या आम्लाला स्निग्ध शेपटी जोडली, की ते तेलात विरघळतं. पामतेलात असणारं पाल्मिटिक आम्ल जोडलं की झालं ॲस्कॉर्बिल पाल्मिटेट. हे आपण खातोही. खाण्याच्या पाकिटावर 304 हा आकडा दिसला तर तेल खवट होऊ नये म्हणून घातलेलं ते हेच. पण 2001 साली अमेरिकेत डुकराच्या त्वचेवर केलेल्या तपासणीत याने त्वचेतलं व्हिटॅमिन सी वाढलं नाही. क्रीम टिकवायला ठीक, त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत असं माझं मत.

दुसरं नाव लांबलचक आहे, टेट्राहेक्झिलडेसिल ॲस्कॉर्बेट. काही बाटल्यांवर ॲस्कॉर्बिल टेट्राआयसोपाल्मिटेट लिहितात. याला एक नाही, चार शेपट्या. दिसायला तेलच. आंबटपणा लागत नाही, म्हणून झोंबत नाही. त्वचेत गेल्यावर तिथली विकरं शेपट्या कापतात आणि व्हिटॅमिन सी मोकळं होतं. कल्पना चांगली आहे, पण माणसांवरचे प्रयोग साध्या आम्लाच्या मानाने थोडे, आणि बरेचदा क्रीममध्ये इतरही चार द्रव्यं असतात, मग श्रेय कोणाला द्यायचं? साधं सीरम सोसत नसेल त्यांनी हे जरूर वापरून पाहावं. मात्र तेल आहे म्हणून अमर नाही. हवा-उन्हात तेही बिघडतं. बाटली गडद, कपाटात, झाकण घट्ट. आणि सकाळी सनस्क्रीन लावणार नसाल तर दोन्हींचे पैसे वाचवा.

घेताना घटकांची यादी वाचा. नियमानुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापतात, त्याखालचे कसेही. समोर मोठ्या अक्षरात ‘व्हिटॅमिन सी’ आणि मागे ते नाव सुगंधाच्याही नंतर, असं दिसलं तर काय ते समजा.

पोटातून मात्र आवळाच. ताज्या आवळ्यातून बाईमाणसाची रोजची 65 मिलिग्रॅम आणि पुरुषाची 80 मिलिग्रॅम गरज सहज भागते. आवळा नवमीची वाट पाहायला नको.

भाषण संपताना एका काकूंनी विचारलं, “दिवाळीच्या अभ्यंगाच्या तेलात व्हिटॅमिन सीची गोळी कुटून घातली तर?” काकू, ती गोळी पाण्यात विरघळणाऱ्यांपैकी आहे. तेलात तळाशी रेतीसारखी बसेल आणि अंगाला खरखर लागेल.